गुडघ्यामागची गाठ: सोनोग्राफीवर बघून पाणी काढण्याचा माझा अनुभव

गुडघ्यामागच्या खळगीत, थोडी आतल्या बाजूला, पाय सरळ केला की टणक लागणारी आणि वाकवला की मऊ पडणारी गाठ बहुधा बेकर्स सिस्ट असते. माझीही तीच निघाली. सांध्यातलं जादा पाणी दोन स्नायूंच्या फटीतून मागं सरकतं. तोंडाशी झडप, त्यामुळं गेलेलं सहसा परतत नाही. मूळ दुखणं सांध्यात असतं: झीज, संधिवात, नाहीतर फाटलेला मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी.

कोल्हापुरात राजारामपुरीत हाडांच्या डॉक्टरांना तोटा नाही, पण सुई बहुधा सोनोग्राफी सेंटरमध्येच घालतात. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळं नोंदणीच्या जागेबाहेर मशीन सहजी हलवता येत नाही. चिठ्ठीवर नुसतं ‘सोनोग्राफी’ नको, पाणी काढायचं आहे असं लिहून घ्या; नाहीतर फक्त रिपोर्ट घेऊन माघारी यावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

पालथं झोपवतात. आधी सोनोग्राफीचा प्रोब फिरवून कलर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी तपासणी, लावतात, आणि हे घाईत उरकू देऊ नये. त्याच खळगीतून पायाची मुख्य धमनी, शीर आणि मज्जातंतू जातो. क्वचित धमनीचाच फुगा गाठीसारखा हाताला लागतो. नुसतं चाचपून सुई घालतो म्हणणाऱ्याला मी तरी नाहीच म्हणेन.

बधिर करायचं लिग्नोकेन चुरचुरतं, तेवढंच. मग 18 गेजची जाड सुई. पडद्यावर ती पांढरी रेघ काळ्या पोकळीत शिरताना दिसते. पाणी पातळ, पिवळसर असेल तर 20 सीसीची सिरिंज झटक्यात भरते. माझं काकवीसारखं घट्ट, थेंबाथेंबानं येणारं. अशा वेळी बारीक सुई कामाची नाही, ओढलेला दट्ट्या नुसता परत आत जातो. आत पडदे असतील तर सुई बाहेर न काढता दिशा बदलून एकेक कप्पा रिकामा करतात. पाणी गढूळ आलं तर तपासणीला पाठवायचंच.

शेवटी स्टेरॉइड, बहुधा ट्रायअ‍ॅमसिनोलोन 40 मिलिग्रॅम. काही डॉक्टर ते गाठीऐवजी सांध्यात देतात. मला तेच जास्त पटतं, पाणी तयार तिथंच होतं ना! शुगरवाल्यांची साखर यानंतर काही दिवस चढते.

वर क्रेप बँडेज. बोटं मुंग्यावली तर सैल करा. त्या दिवशी गाडी दुसऱ्यानं चालवावी. एक-दोन दिवस ठणका वाढू शकतो, पण ताप आला किंवा गुडघा लाल, गरम झाला तर थांबू नका. सांध्याकडं दुर्लक्ष केलं तर गाठ पुन्हा भरते, म्हणून मांडीचे व्यायाम चालू ठेवायचे, उकिडवं बसणं कमी करायचं.

गाठ मागं नसून सांध्याच्या कडेला असेल तर आधी एमआरआय. ती मेनिस्कसची असू शकते आणि फाटलेलं तसंच राहिलं तर नुसत्या सुईनं फार दिवस भागत नाही. आणि पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर गाठ फुटली असेल म्हणून मालिश करत बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी अगदी असंच दिसतं. त्याच दिवशी डॉप्लर करून घ्या.