जैनाबादचा आहूखाना

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी सुलतानांच्या काळात ते खानदेशाची राजधानी होते; रावेर मागे पडल्यावरही केळीच्या बागा तशाच सोबत चालतात आणि हद्द ओलांडल्याचे केवळ पाट्यांवरून कळते. जामा मशीद, शाही किल्ला आणि कुंडी भंडारा ही जमिनीखालची मोगलकालीन पाणीयोजना हे सारे आम्ही पाहिले, मावा जिलेबीही खाल्ली. मात्र लिहावेसे वाटते ते तापीपलीकडच्या जैनाबादेतील आहूखान्याविषयी. तिकडे यायला रिक्षावाला तयारच होईना. ‘वहाँ कुछ नहीं है साहब, काला ताजमहल दिखाता हूँ,’ असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता (शाहनवाजखानाच्या कबरीला इथे ‘काला ताजमहल’ म्हणतात), आणि त्याचे ते वाक्य मला अजून बोचते.

आहूखाना म्हणजे राजघराण्याच्या शिकारीसाठी राखलेले हरणांचे उपवन. खानजहान लोदी या मोगल सरदाराच्या बंडामुळे शाहजहानचा मुक्काम बऱ्हाणपुरात होता आणि तिथेच १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात, गौहरआरा बेगमला जन्म देताना, मुमताजमहलचा मृत्यू झाला. तिचे दफन नदीपलीकडच्या या बागेत झाले, परंतु ते ‘अमानत’ म्हणून, म्हणजे पुढे हलवायचे आहे हे ठरवूनच केलेले होते. डिसेंबरात तिचा १५ वर्षांचा मुलगा शाहशुजा, दरबारी हकीम वजीरखान आणि तिची सेविका सती-उन-निसा यांच्यासोबत तिचा देह आगऱ्याकडे निघाला. ताजमहाल पाहून आलेल्या किती जणांना हे सहा महिने ठाऊक असतात?

बागेतल्या बारादरीच्या, म्हणजे चहूबाजूंनी खुल्या मंडपाच्या, कमानी अजून उभ्या आहेत. चुन्याचा गिलावा जिथे सुटला आहे तिथे बारीक विटा उघड्या पडल्या आहेत, आणि जिथे तो टिकला आहे तिथे खिळ्याने कोरलेली नावे, बदाम आणि तारखा यांची इतकी दाटी झाली आहे की जुन्या गिलाव्याचा हातभर तुकडाही मोकळा सापडत नाही. हे पाहून मला मनापासून संताप आला. दारात फलक, थोडी सावली आणि एक माणूस एवढे जरी असते, तरी हे घडले नसते.

मुमताजच्या मृत्यूच्या त्या वर्षाबद्दल आणखी एक गोष्ट इथे उभे राहून आठवावीच लागते. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरातेत भीषण दुष्काळ पडला होता, खानदेशही त्यात होरपळत होता. बऱ्हाणपुरात लंगर उघडले गेले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले जात, अशी दरबारी नोंद आहे. एका राणीच्या देहासाठी आगऱ्यापर्यंतची वाट सज्ज होत असताना याच मुलखातली माणसे रस्त्यावर मरत होती, आणि त्यांच्यासाठी कुठे दगडही उभा नाही.

राणीचा देह गेल्यावरही बाग ओस पडली नाही. दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीच्या सुमारास औरंगजेबाने आपल्या मावशीच्या परिवारातल्या हिराबाईला याच बागेत आंबा तोडताना पाहिले आणि तो भान हरपला, अशी हकीकत जुन्या इतिहासकारांनी सांगितली आहे.

शहरात परतल्यावर आम्ही बिल्किस बेगमची कबर पाहिली. ही शाहशुजाची पत्नी. तिचाही अंत बाळंतपणातच झाला. ज्या मुलाने आईचा देह बऱ्हाणपुराहून नेला, त्याची पत्नी मात्र इथेच राहिली. खरबुजासारख्या पाकळ्यांच्या त्या लहानशा घुमटाखाली भिंतीभर रंगीत फुलापानांची वेलबुट्टी आहे. बाहेरून पाहून पुढे निघालेल्यांना तिची कल्पनाही येत नाही, म्हणून दाराला कुलूप दिसले तरी परत फिरू नये. चौकीदाराला शोधावे, विनंती करावी, आणि आत डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे.