हॉट टब घेण्याआधी सर्व्हेवर फूटपट्टी ठेवा

न्यू जर्सीत घरामागे हॉट टब बसवायचा असेल, तर टब पसंत करण्याआधी आणि डीलरला एक डॉलरही देण्याआधी घराचा सर्व्हे, म्हणजे प्लॉटचा मोजणी नकाशा, कपाटातून बाहेर काढा. क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या वेळी वकिलाने दिलेल्या जाडजूड फायलीत तो असतो. मला हे जूनमध्ये कुणी सांगितलं असतं, तर आईला ऑगस्टपासून गरम पाण्यात बसता आलं असतं. प्रत्यक्षात टब आला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि आई-अण्णांचं परतीचं तिकीट होतं १२ नोव्हेंबरचं. त्या वाया गेलेल्या दोन महिन्यांची चुटपुट अजून गेलेली नाही, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

आई-अण्णा मे महिन्यात सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले. आईचे दोन्ही गुडघे धरलेले. सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं ती भिंतीला धरून चालायची. आमच्याकडे खालच्या मजल्यावर बाथटब नाही आणि वरचा जिना तिला जमत नव्हता. तिच्या डॉक्टरांना विचारलं. ब्लड प्रेशरच्या गोळ्या चालू असल्यामुळे पाणी फार गरम नको, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे, असं त्यांनी सांगितलं. मग आम्ही पाच जणांचा, सात फूट बाय सात फुटांचा टब ठरवला, पैसे भरले आणि ९ ऑगस्टची डिलिव्हरी घेतली. दोन महिने हातात आहेत, पुष्कळ झाले, असं तेव्हा वाटलं.

इथे दोन परवानग्या लागतात आणि त्या एकामागून एक घ्याव्या लागतात. आधी झोनिंग, म्हणजे टब तुमच्या जागेत कुठे बसणार, कुंपणापासून किती लांब, वगैरे. तो कागद हातात आल्यावर बांधकाम आणि इलेक्ट्रिकचं परमिट. झोनिंगच्या अर्जाला टाऊनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, कामाच्या १० दिवसांत हो किंवा नाही सांगायचं असा राज्याचा कायदा आहे. आम्हाला दोनदा नकार आला आणि दोन्ही वेळा तो बरोबर दहाव्या दिवशी आला.

पहिला अर्ज मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात स्वतः काउंटरवर जाऊन दिला. फॉर्म, सर्व्हेची प्रत, त्यावर लाल पेनाने काढलेला टबचा चौकोन, टबचं माहितीपत्रक आणि फीचा चेक. काउंटरवरच्या बाईंनी कागद मोजले, शिक्का मारला, पावती दिली. दहाव्या दिवशी पत्र आलं, त्यात एकच ओळ: सर्व्हे प्रमाणात नाही.

म्हणजे काय, ते मला कळेना. सर्व्हेवर तर स्पष्ट छापलं होतं, १ इंच म्हणजे २० फूट. अण्णा पीडब्ल्यूडीतून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी काही न बोलता नातीच्या दप्तरातली फूटपट्टी आणली आणि प्रतीवर ठेवली. आमच्या प्लॉटची लांब बाजू १०० फूट, म्हणजे कागदावर ५ इंच भरायला हवी. ती भरली जेमतेम चार. "अगं, हा नकाशा आटलाय," ते म्हणाले. मूळ सर्व्हे होता लांबट, लीगल आकाराच्या कागदावर. मी तो स्कॅन करून घरच्या प्रिंटरवर साध्या लेटर कागदावर छापला आणि प्रिंटरने तो मापात बसवायला आपणहून लहान केला. झोनिंग ऑफिसर अशा कागदावर पट्टी ठेवून कुंपणापासूनचं अंतर मोजणार, तेव्हा त्यांचं सगळं मोजमाप चुकणार हे उघड आहे. त्यांचा नकार रास्त होता. पण काउंटरवर कागद घेतानाच, "मूळ आकाराची प्रत आणा" हे एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्या अर्ध्या मिनिटाने माझे दोन आठवडे वाचले असते. हा राग मला आजही येतो.

प्रिंट करताना 'अॅक्च्युअल साइझ' निवडा, 'फिट टू पेज' नको. किंवा सरळ कॉपीच्या दुकानात जाऊन मूळ आकाराच्या तीन प्रती काढून आणा. तीन का, ते पुढे येईलच.

दुसरा अर्ज प्रमाणात असलेल्या प्रतीसह दिला. पुन्हा दहा दिवस, पुन्हा पत्र. या वेळी हरकत अशी की पाणी न मुरणाऱ्या जागेचा हिशेब दिलेला नाही आणि ड्राइव्हवेच्या कडेला सर्व्हेवर नसलेला एक पट्टा दिसतो आहे. तो त्यांना हवाई छायाचित्रात दिसला होता. दरम्यान ९ ऑगस्ट उलटून गेला. डीलरने टब गोदामात ठेवला खरा, पण तीस दिवसांनंतर भाडं लागेल असंही कळवलं.

आमच्या टाऊनशिपचे झोनिंग ऑफिसर आठवड्यातून दोनच दिवस, तेही सकाळी भेटतात. मी रजा टाकून गेले आणि पाऊण तास बसल्यावर भेट झाली. माणूस शांत होता, त्याने नीट समजावलं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. घर, ड्राइव्हवे, पायवाट, पॅटिओ, काँक्रीट, जिथून पावसाचं पाणी जमिनीत मुरत नाही ते सगळं क्षेत्र मिळून प्लॉटच्या ठरावीक टक्क्यांच्या आत बसलं पाहिजे. आमच्या झोनमध्ये ते ४० टक्के आहे. तुमच्याकडे वेगळं असू शकेल, आपल्या टाऊनशिपचा नियम पाहा.

त्या रविवारी अण्णा आणि मी टेप घेऊन अख्खं घर मोजलं. टेपचं टोक मी धरायची, आकडा ते वाचायचे आणि आई पायरीवर बसून वहीत लिहून घ्यायची. प्लॉट ७५ बाय १००, म्हणजे ७५०० चौरस फूट, त्याचे ४० टक्के ३०००. गॅरेज धरून घर १८३०. मूळ ड्राइव्हवे ७२०. पुढची पायवाट ९०. मागचा फरशांचा पॅटिओ ३२०. बेरीज २९६०. इथपर्यंत सगळं मापात होतं. पण आधीच्या मालकाने दुसरी गाडी लावायला ड्राइव्हवेच्या कडेने तीन फूट रुंद आणि चाळीस फूट लांब खडी पसरली होती. तो १२० चौरस फुटांचा पट्टा. खडी म्हणजे मोकळी जमीन असंच मी धरून चालले होते. आमच्या टाऊनशिपच्या नियमात खडीही मोजतात, कारण गाड्यांच्या वजनाने ती खाली दबून घट्ट होते. म्हणजे टब येण्याआधीच आम्ही ८० चौरस फूट जास्त होतो, आणि टबसाठी आठ बाय आठचा काँक्रीटचा चौथरा म्हणजे आणखी ६४.

नुसता पट्टा काढूनही भागत नव्हतं, २४ फूट जास्तच उरत होते. तोड अण्णांनी काढली. चौथरा हिरवळीवर घालायचाच नाही. पॅटिओच्या कोपऱ्यातल्या फरशा काढायच्या आणि त्याच जागेत तो ओतायचा. ती जागा आधीच मोजलेली असल्यामुळे चौथऱ्याने क्षेत्र एका फुटानेही वाढत नाही. शिवाय पट्ट्यातली खडी उचलून चौथऱ्याखाली भरायची. आम्ही दोघं आणि अण्णा, तिघांनी दोन रविवार फावड्याने खडी ओढली. ती चौथऱ्याखालच्या सहा इंचांच्या थराला पुरून वर उरली. पट्ट्यावर माती टाकून गवत पेरलं, त्याचे फोटो काढले आणि आईच्या वहीतला हिशेब टाइप करून तिसरा अर्ज दिला. तो चौथ्या दिवशी मंजूर झाला. फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मीटिंग सोडून बाहेर आले आणि आधी घरी फोन केला.

बांधकाम परमिटला त्यांच्याकडे कामाचे २० दिवस असतात. तिथेही एक आठवडा गेला, कारण इलेक्ट्रिशियनने फॉर्म स्कॅन करून पाठवला होता. न्यू जर्सीत लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कंत्राटदाराच्या सहीवर उठावाचा शिक्का लागतो, कागदावर बोट फिरवलं की हाताला लागणारा. स्कॅनमध्ये तो उमटत नाही. कागद त्याच्याकडून हातात घ्या आणि स्वतः नेऊन द्या. सर्व्हेची दुसरी मूळ आकाराची प्रत इथे लागते, तिसरी इलेक्ट्रिशियनला वायरीचा चर कुठून जाणार ते दाखवायला.

चर खणण्याआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइन दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन करायलाच हवा. हे फुकट असतं, पण कामाचे तीन पूर्ण दिवस आधी कळवावं लागतं. माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा म्हणजे गॅस, निळा पाणी, नारिंगी टेलिफोन-केबल, हिरवा सांडपाणी. आमची पिवळी रेघ चराच्या वाटेपासून दोन फुटांवर निघाली, तेवढा भाग हाताने खणला. एक लक्षात ठेवा, मीटरच्या पुढे तुम्ही स्वतः टाकलेली लाइन, उदाहरणार्थ मागच्या ग्रिलला नेलेला गॅस, ते दाखवत नाहीत.

वायरिंगचं फार सांगत नाही, ते लायसन्सवाल्याचंच काम आहे. २४० व्होल्ट, ५० अँपिअर, जीएफसीआय ब्रेकर (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा). वीज बंद करायची पेटी टबमधून दिसेल अशा ठिकाणी, पण टबपासून निदान पाच फूट लांब, म्हणजे पाण्यात बसलेल्याचा हात तिथे पोचणार नाही. पीव्हीसी पाइप १८ इंच खोल. इन्स्पेक्टर पाहून जाईपर्यंत चर बुजवू नका. आमचा कंत्राटदार संध्याकाळी बुजवायला निघालाच होता, अण्णांनी त्याला थांबवलं.

डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, टब ठेवायचा विचार असेल तर हा हिशेब करा. आमचा रिकामा टब ८०० पाउंडांचा. त्यात ३८० गॅलन पाणी, गॅलनला ८.३४ पाउंड म्हणजे सुमारे ३१७०. वर पाच माणसं. सगळं मिळून पावणेपाच हजार पाउंड, म्हणजे दोन टनांवर. चौरस फुटाला शंभरच्या आसपास. घराचा साधा डेक ४० पाउंडांच्या हिशेबाने बांधतात.

चौथऱ्याचं काम अण्णांनी डोळ्यात तेल घालून करवून घेतलं. खडी थरावर थर दाबून घेतली, चार इंच काँक्रीट, आत जाळी. कंत्राटदाराने लेसर लावून सपाटी दाखवली, तरी अण्णांनी हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं आणि चारही कोपरे स्वतः ताडून पाहिले. दुसऱ्या दिवसापासून जुन्या चादरी भिजवून चौथऱ्यावर अंथरल्या आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून विचारायला आले, तेव्हा अण्णांनी त्यांना क्युरिंग म्हणजे काय ते हातवारे करून समजावलं.

आता वाटेबद्दल, जे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. टब उभा करून, कडेवर ठेवून, चाकांच्या गाड्यावरून आणतात. आमच्या डीलरने चार फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच मोकळी वाट मागितली होती. घराच्या डाव्या बाजूला एसी आणि गॅसचं मीटर, म्हणजे ती बाजू बाद. उजवीकडे मी टेपने मोजलं तर चार फूट भरले, पण टेपने जमिनीलगतचंच अंतर कळतं. अण्णांनी साडेआठ फुटांची पट्टी घेऊन तिला वर, मधे आणि खाली चार-चार फुटांच्या आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि ती चौकट धरून पुढच्या अंगणापासून पॅटिओपर्यंत पावलापावलाने चालत गेले. मधली पट्टी ड्रायरच्या धुराड्याच्या टोपीला अडली. चार इंच बाहेर आलेली ती टोपी माझ्या ध्यानातही आली नव्हती. चार स्क्रू काढले, टोपी निघाली. कुंपणाचं फाटक बिजागरीतून उतरवून ठेवलं. हे आधी कळलं नसतं तर क्रेन मागवावी लागली असती, तिचा खर्च वेगळा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर गवतावर प्लायवूड टाका, गाड्याची चाकं रुततात.

टब ठेवताना मोटारीच्या झाकणाची बाजू भिंतीकडे जाऊ देऊ नका. दुरुस्तीवाल्याला तिथे बसायला निदान दोन फूट जागा हवी.

प्रत्यक्ष बसवायला चाळीस मिनिटं लागली. पाणी भरताना होज फिल्टरच्या खोबणीत सोडा, म्हणजे पाइपांत हवा अडकून पंप कोरडा फिरत नाही. टब भरल्यावर अण्णांनी चारही कोपऱ्यांत पाण्याची रेघ कडेपासून मोजली. चारही ठिकाणी सारखी आली. ते आत जाऊन आईला घेऊन आले.

या टबांची कमाल मर्यादा १०४ अंश फॅरनहाइट असते. आम्ही आईसाठी ९८ वर ठेवलं. जाईपर्यंत ती रोज संध्याकाळी बसली, थंडीत डोक्याला स्कार्फ बांधून. सकाळी भिंत धरायला लागायचीच, पण दहा मिनिटांची चार मिनिटं झाली होती.

झाकणाला कुलूप असलेलंच घ्या आणि ते लावा, घरात लहान मूल असेल तर विशेष. आणि शेवटचं इन्स्पेक्शन झालं की 'सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल' टाऊनशिपकडून मागून घ्या. घर विकताना ते विचारतात. आमचं तीन आठवडे पोस्टाने आलं नाही, शेवटी मीच काउंटरवर जाऊन आणलं. त्याच बाई होत्या. तेव्हा त्यांना म्हटलं, सर्व्हे मूळ आकाराचा हवा अशी एक पाटी इथे लावा. अजून तरी ती लागलेली नाही.