उणे 38, उणे 29

"काका, फक्त बायस करून द्या. शनिवारी शो आहे." पोराने मित्राच्या मदतीने 100 वॅटचं जुनं ब्रिटिश गिटार अँप टेबलावर ठेवलं. आत चार इएल 34, म्हणजे काचेचे आउटपुट व्हॉल्व्ह, कोरे करकरीत. जुन्यांपैकी दोन लाल व्हायला लागले होते, म्हणून याने चारही बदलले होते.

काम पाठ झालेलं. बायस म्हणजे व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचं उणे व्होल्टेज; ते जितकं जास्त उणे, तितका व्हॉल्व्ह कमी करंट ओढतो. स्टँडबायवर, म्हणजे मोठं व्होल्टेज बंद ठेवून, पाच नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, मीटर लावला. दोन्ही बाजूंना उणे 38 व्होल्ट. छान. स्टँडबाय काढला, प्लेटवर 465 व्होल्ट. इएल 34ची प्लेट जास्तीत जास्त 25 वॅट झेलते. मी सत्तर टक्क्यांवर थांबतो, म्हणजे साडेसतरा. भागिले 465, आले साधारण 37 मिलिअँपिअर. प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडखाली, जिथून त्याचा सगळा करंट जातो, एक ओहमचा रेझिस्टर आहे, तेव्हा मिलिव्होल्ट वाचायचे आणि तेच मिलिअँपिअर समजायचे. (स्क्रीन नावाच्या दुसऱ्या ग्रिडचा करंटही त्यात येतो, पण तेवढं चालतं.)

उजवीकडचे दोन 36, 37. डावीकडचे 58 आणि चढतायत. सत्तर ओलांडेपर्यंत प्लेटच्या शिवणीजवळ जांभळट लाल डाग दिसायला लागला. मी घाईघाईने बायसचं प्रीसेट (दोन्ही बाजूंना मिळून एकच) फिरवून डावीकडचे पन्नासवर आणले. डाग गेला. उजवीकडचे मात्र बारापर्यंत घसरले. "जोडी नीट जुळलेली नाही तुझी," असं मी ठोकून दिलं.

पोराने गिटार लावली, दोन तारा छेडल्या आणि तोंड वाकडं केलं. "काका, हळू वाजवलं की चरचरतंय. आणि ही घूं आधी नव्हती."

त्याचं बरोबर होतं. दोन्ही बाजू सारख्या ओढत असतील तरच सप्लायची 100 हर्ट्झची घूं आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना खाऊन टाकते. मी व्हॉल्व्ह डावे-उजवे केले. लाली डावीकडेच राहिली. म्हणजे बिचाऱ्या व्हॉल्व्हना मी उगाच नावं ठेवली होती.

बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. ते आधी व्हॉल्व्ह काढून मगच ग्रिड मोजत, तेही हाय टेन्शन, म्हणजे ते मोठं व्होल्टेज, चालू ठेवून, एक हात पाठीमागे धरून. तीन तासांनी मला ते आठवलं. चारही काढले, प्रीसेट मूळ जागी आणलं, स्टँडबाय काढला. उजवीकडे उणे 38. डावीकडे उणे 29.

दोन्ही बाजूंना सिग्नल वाटून देणाऱ्या फेज इन्व्हर्टर व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे दोनशेवीस-एक व्होल्ट अडवणारा 0.022 मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर झिरपत होता. ग्रिडचा रेझिस्टर 220 किलोओहमचा. त्यावर 9 व्होल्ट हलवायला 40 मायक्रोअँपिअर पुरतात. आणि स्टँडबायवर तिथे व्होल्टेजच नसतं, मग झिरपणार काय? माझं पहिलं माप तिथेच फसलं होतं.

लॅमिंग्टन रोडवरून 630 व्होल्टचे दोन कपॅसिटर आणले, दोन्ही बाजूंचे बदलले. शुक्रवारी संध्याकाळी चारही 36 ते 38च्या आत, अर्धा तास तापूनही तिथेच.

पोराने काढलेला कपॅसिटर माझ्या मीटरला लावला. आकडा 22 नॅनोफॅरड. "काका, हा तर चांगला आहे!"

"या मीटरचा सेल नऊ व्होल्टचा आहे बाळा."

बिलात बायस आणि दोन कपॅसिटर लावले. ते तीन तास माझ्या खात्यावर.