तुम्ही विचारलंत म्हणून: फुली दाबली तरी पॅनल जात का नाही?

"फुली दाबली तरी पॅनल कडेला चिकटूनच राहतं. पूर्ण जात का नाही?" आमचं अडतीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पेढ्यांवरून हा प्रश्न येतो, आणि डेव्हलपर मित्रांकडून जरा चढ्या आवाजात येतो. फोनवर मी दरवेळी अर्धंच उत्तर देतो. आज पूर्ण देतो.

आमच्याकडं स्क्रीनच्या उजव्या बाजूला उचल (शेतकऱ्यानं आगाऊ घेतलेले पैसे), हमाली-तोलाई आणि मागील बाकी अशी पॅनल, म्हणजे माहितीच्या चौकटी, एकाच जागी टॅबमध्ये असतात. टॅबवरची फुली दाबली की तेवढंच पॅनल मिटतं आणि कडेला त्याच्या नावाची उभी, चिंचोळी खूण राहते. तिच्यावर क्लिक केलं की पॅनल होतं तसं उघडतं, अर्धवट लिहिलेल्या शेऱ्यासकट. ती खूण घालवायची सोय मी दिलेली नाही, आणि मुद्दाम दिलेली नाही.

स्वतःचं काम सुरू करण्याआधी मी दुसऱ्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टला होतो. मार्च महिना, हळदीचा ऐन हंगाम. सांगलीच्या मार्केट यार्डातून फोन आला म्हणून एका पेढीवर गेलो. तिथले दिवाणजी माझ्या वडिलांच्या वयाचे, पोत्यांच्या वजनाची बेरीज तोंडी करणारे. आदल्या संध्याकाळी त्यांना सौद्याच्या रजिस्टरमधला दराचा रकाना नीट दिसेना, म्हणून त्यांनी उजवीकडच्या पॅनलची फुली दाबली. तिन्ही टॅबना मिळून फुली एकच होती. तिन्ही गेली. रजिस्टर ऐसपैस झालं, दर दिसला, त्यांचं काम झालं. बंद होताना सॉफ्टवेअरनं ती मांडणी साठवली आणि सकाळी जशीच्या तशी उघडली. सकाळी खुर्चीवर मालकांचा मुलगा होता. उचल वजा करायची तर त्या पॅनलमध्ये टिक करावी लागायची. पॅनलच नाही, तर टिक कुठली? वाळव्याकडच्या एका शेतकऱ्याची हिशोबपट्टी उचल वजा न होताच निघाली, आणि तो पैसे घेऊन गावी गेला.

मी पोचलो तेव्हा मालक सगळ्यांदेखत दिवाणजींना बोलत होते. हमाल उभे, खरेदीदार उभे. दिवाणजी एकच म्हणत होते, "मी काही पुसलं नाही." मी ऑफिसला फोन लावला. तिकडून सांगितलं, वापरणाऱ्याची चूक म्हणून नोंद करा. फोन ठेवला तसं दिवाणजींनी मला बाजूला घेतलं. "सर, मी नेमकं काय दाबलं, तेवढं दाखवा." मी दाखवलं. मग परत कसं आणायचं तेही: वरचा 'व्ह्यू' मेनू, त्यात 'पॅनल्स', त्यात उचलीच्या ओळीवर टिक. हा मेनू त्यांनी त्याआधी कधी उघडलाच नव्हता. खिशातली डायरी काढून त्यांनी एकेक पायरी लिहून घेतली आणि लिहितालिहिता विचारलं, "घालवायला एक क्लिक, मग आणायला एवढं का?" त्यानंतर मी कधीही गेलो तरी ते माउसला हात लावत नसत. पोराला हाक मारायचे. "माझ्याकडनं काही जाईल," म्हणायचे. चोपड्या लिहिण्यात आयुष्य गेलेला माणूस!

फुलीची सवय लोकांना १९९५ साली विंडोज ९५नं लावली. त्याआधी, विंडोज ३.१मध्ये, डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर डबल-क्लिक केलं की खिडकी बंद व्हायची. पण कडेला जोडलेलं पॅनल ही वेगळी खिडकी नसते, त्याच खिडकीचा तुकडा असतो. उजवीकडं जोडलं तर त्याची फुली मुख्य फुलीच्या खालीच येते. वरची दाबली तर अख्खं सॉफ्टवेअर बंद, खालची दाबली तर एक भाग दिसेनासा. आत काय घडतं तेही सगळीकडं सारखं नाही. क्यूटी या सॉफ्टवेअर बनवायच्या साधनात जोडलेल्या पॅनलची फुली दाबली तर ते नुसतं लपतं. डॉटनेटवरच्या डॉकपॅनल स्वीट या तशाच दुसऱ्या साधनात 'हाइड ऑन क्लोज' (बंद करताना नुसतं लपवा) हे सेटिंग चालू केलं नसेल, तर ते खरोखरच नष्ट होतं. समोर बसलेल्याला दोन्हीकडं फुली तीच दिसते.

स्वतःचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं तेव्हा मी फुलीच काढून टाकली होती. त्या वेळच्या माझ्याशी मी आजही भांडतो. तो म्हणतो, ज्यावर पैशाचा हिशोब चालतो ते पॅनल बंद करायची सोयच कशाला? त्याचं बरोबर आहे. पण पेढ्यांवर १३६६ बाय ७६८चे जुने लॅपटॉप असतात. पॅनल कायम उघडं राहिलं तर रजिस्टरचा एखादा रकाना झाकला जातोच, आणि दिवाणजींनी फुली दाबली ती याच कारणानं. त्यांची गरज खरी होती.

मित्र म्हणतात, मिटवायला टाचणीचं चिन्ह द्या, व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे तसं. फुली म्हणजे बंद. तत्त्व म्हणून मान्य. पण यार्डात ती टाचणी कुणी ओळखत नाही, मी शिकवून पाहिलंय. आणि फुलीनं समोरचं एकच पॅनल जावं की गटातली सगळी, हे व्हिज्युअल स्टुडिओनंही सेटिंगवर सोडलंय. म्हणजे एका उत्तरात हे तिथंही मिटलेलं नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं, होती. जमिनीखाली उतरवलेला माल वरून दिसायचा नाही, पण पेवाचं तोंड कुठं आहे हे पक्कं ठाऊक असायचं. मिटलेल्या पॅनलकडून मला तेवढंच हवंय.

सगळ्यांत जड आक्षेप वेगळाच आहे. आमच्याकडं उचल आता पॅनल मिटलेलं असलं तरी आपोआप पट्टीत येते, मग ती खूण कशाला हवी? याला माझ्याकडं खणखणीत उत्तर नाही. खूण दिसली की पट्टी करणारा एकदा उचल उघडून बघतो, शेतकऱ्याला विचारतो, एवढं मी पाहिलंय. नुसत्या वजा झालेल्या आकड्याकडं तो असं बघत नाही.

आता तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं पॅनल ओढून दुसऱ्या मॉनिटरवर नेलंय. तिथं ती स्वतंत्र खिडकीच झाली, म्हणून फुलीनं ती पूर्ण जावी, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडं ती फुली दाबली की पॅनल परत आपल्या कडेला येऊन बसतं. ते चिडतात. पुढच्या आवृत्तीत काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही.