पोट न सुटलेली शिडं

सागरी चित्रात टम्म फुगलेलं शीड दिसलं की बघणारा खूश होतो. चित्रकारालाही ते सोयीचं, दोन सावल्या ओढल्या की वारा हजर. पण 1851 साली इंग्लिश यॉटवाल्यांची जिरली ती जवळजवळ न फुगणाऱ्या शिडांपुढे.

'अमेरिका' ही न्यूयॉर्कची स्कूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका, आराखडा जॉर्ज स्टीअर्सचा, लांबी साधारण 100 फूट. 22 ऑगस्टला इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाला वळसा घालून तिने शर्यत मारली. त्या शर्यतीचा चषक पुढे 'अमेरिकाज कप' झाला. इंग्लिश शिडं जवसाच्या धाग्याची, सैल विणीची. वारा भरला की त्यांना पोट सुटायचं, मग पाणी मारून वीण आवळायची धडपड. 'अमेरिके'ची शिडं घट्ट विणीच्या सुती कापडाची, आणि मोठ्या शिडाची खालची कड बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याला, दोरीने सलग आवळलेली. वाऱ्याच्या रोखाने तिरकं घुसताना पोट सुटलेल्या शिडाची पुढची कड लवकर फडफडते आणि बोट वाऱ्यापासून दूर वळवावी लागते. सपाट शीड तग धरतं.

अमेरिकन सागरी चित्रकार फिट्झ हेन्री लेनने त्याच वर्षी ही शर्यत रंगवली. स्वतः पाहिली नव्हती. आधार होता इंग्लिश चित्रकार ओस्वाल्ड ब्रायर्लीच्या चित्राचा. अशी उसनवारी तेव्हा सर्रास चाले आणि त्यात कमीपणा नव्हता. मात्र नक्कल करणारे हमखास फसतात ते डोलकाठ्यांत. 'अमेरिके'च्या दोन्ही काठ्या मागे चांगल्याच कललेल्या. त्या सरळ उभ्या केल्या की शर्यतीची यॉट जाऊन मासेमारीची स्कूनर उरते.

चित्रातल्या वाऱ्याची तपासणी जरा खोल करावी. निशाणं, धूर, लाटा सगळं एकाच दिशेला हवं, हे ढोबळ झालं. वाऱ्यात घुसणाऱ्या बोटीवर तिच्या स्वतःच्या वेगाचा वाराही येतो, त्यामुळे तिचं निशाण नांगरलेल्या जहाजाच्या निशाणापेक्षा जास्त मागे वळतं. दोन्ही निशाणं तंतोतंत समांतर दिसली, तर चित्रकार बहुधा किनाऱ्यावरचा! डोलकाठीला आधार देणारे दोरही बघावेत. वाऱ्याच्या बाजूचे ताठ, पलीकडचे किंचित सैल.

हे दोर रंगतात सर्वांत शेवटी. आकाश, समुद्र, बोट, शिडं वाळली की पातळ रंगात बुडवलेल्या बारीक ब्रशने, हात चित्रकाराच्या आधारकाठीवर टेकवून, एका दमात. खालचा रंग ओला असेल तर रेघ पसरते. रंग दाट असेल तर दोराची सळई होते. वरच्या थरात असल्याने पिवळं पडलेलं वॉर्निश काढताना पहिला बळी त्यांचाच जातो. म्हणून विकत घेण्याआधी शिडाच्या कडेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत भिंग फिरवावं. दोर मध्येच तुटून पुन्हा सुरू होत असतील, तर चित्र एकदा तरी जास्त घासलं गेलंय. उलट, बाकी रंगाला भेगा आणि दोर मात्र त्या भेगांवरून अखंड कोरे करकरीत, तर ते मागाहून कुणीतरी ओढलेत.