आमचे नाना, मेंदीची कात्री आणि एक भगदाड

न्यू जर्सीत हे घर घेतलं तेव्हा दाराशी एक गडद हिरवं, पंख्यापंख्यांच्या फांद्यांचं बुटकं झाड आयतंच मिळालं. मातीत अर्धवट गाडलेलं प्लॅस्टिकचं लेबल सापडलं, त्यावर लिहिलेलं : कॅमेसायपरिस ऑब्ट्युसा 'नाना ग्रॅसिलिस'. लॅटिनमध्ये नाना म्हणजे बुटकं, पण हे सांगून उपयोग नव्हता, त्या दिवसापासून घरात ते नानाच, आणि अहो-जाहोच. "नानांना पाणी घातलं का?" वगैरे. उन्हाळ्यात आई आली की तिच्या लेखी ती मोरपंखी, एक फांदी तोडून नातीच्या वहीत 'विद्या' म्हणून ठेवूनही झाली.

तर हे फॉल्स सायप्रस, म्हणजे खोटा सरू. नानांचं मूळ जपानी, तिकडे याला हिनोकी म्हणतात, रानातला हिनोकी शंभर फुटांच्या वर जातो आणि इसेचं मंदिर दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात ते याच लाकडात. आमचे नाना मात्र वर्षाला जेमतेम तीन इंच वाढतात. पान उलटं करून बघा, खाली पांढऱ्या रेघांचे बारीक इंग्रजी वाय दिसतील, हिनोकीची ही पक्की खूण.

नानांनी मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला झिपरीने.

झिपरी म्हणजे गोल्ड मॉप, याच कुळातली सावारा जातीची, सोनेरी केस मोकळे सोडून बसल्यासारखं झुडूप. लेबलवर लिहिलेलं, ड्वार्फ, उंची तीन फूट. मी फूटपाथपासून दोन फुटांवर लावून टाकलं. नंतर कळलं की ती उंची दहा वर्षांनंतरची असते! इथल्या कॉनिफर, म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या, सोसायटीच्या हिशोबात वर्षाला एक ते सहा इंच वाढणारं ते ड्वार्फ, आणि दहा वर्षांनी झाड थांबत नाही, वाढतच राहतं. हे लेबलवर कोणी लिहीत नाही.

सहाव्या वर्षी झिपरी पायवाटेवर आली, पोस्टमनचे बूट ओले व्हायला लागले, मग मी कात्री घेतली. आता माझं बालपण गावाकडच्या मेंदीच्या कुंपणात गेलेलं, मेंदी बुडापर्यंत छाटा, पहिल्या पावसात पुन्हा हिरवीगार. त्याच हिमतीने मी एक बाजू सपासप मागे घेतली आणि आत बघतो तर नुसत्या तपकिरी काटक्या. म्हटलं येईल फुटवा. पाच वर्षं झाली, नाही आला.

कारण साधं आहे, या झाडांचा हिरवेपणा फक्त बाहेरच्या थरात असतो, आत उजेड पोचत नाही आणि जुन्या उघड्या लाकडावर झोपलेले डोळे, म्हणजे फुटायची वाट बघणाऱ्या कळ्या, नसतात, त्यामुळे तिथून नवीन फूट येतच नाही. छाटायचंच असेल तर हिरव्यातल्या हिरव्यात, टोकं तेवढी, वसंतात नवी वाढ दिसायला लागली की, आणि दरवर्षी थोडं थोडं. लहान करायचं म्हणून ठेवणीतली कात्री काढलीत की संपलं. त्यापेक्षा लावतानाच जागा सोडा.

दुसरी घाबरगुंडी ऑक्टोबरातली. पहिल्या वर्षी नाना आतून तपकिरी पडायला लागले तेव्हा मी रात्री टॉर्च घेऊन बाहेर. ते नॉर्मल आहे, जुनी आतली पानं ते शरदात टाकतात. टोकं बाहेरून करपली तर मात्र बघायचं, एक तर पाणी कमी पडलंय, नाहीतर जानेवारीचा वारा लागलाय, जमीन गोठलेली आणि पानं वाऱ्याने सुकणारी, मुळांनी पाणी आणायचं कुठून? म्हणून जमीन गोठेपर्यंत मी पाणी देतो. खाली दोन-तीन इंच लाकडाचा भुसा, पण खोडाला चिकटवून नाही.

जास्त पाणीही वाईटच. शेजाऱ्यांनी निळसर लॉसन सायप्रस हौसेने आणलं, ते ओरेगन-कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचं, आमच्या चिकणमातीत पाणी साचलं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात गेलं. मुळं कुजवणाऱ्या एका रोगाने त्याच्या मूळच्या जंगलातही 1952 पासून धुमाकूळ घातलाय. शेजाऱ्यांचं नेमकं कशाने गेलं देव जाणे, उपटलं तेव्हा मुळाच्या गोळ्याभोवती नर्सरीतून आलेली तार आणि गोणपाट तसंच होतं. ते वरच्या भागातलं तरी कापून काढा हो, आणि गोळा जमिनीच्या किंचित वर राहू द्या.

बर्फ पडला की झाडू उलटा धरून खालून वर हळूच हलवायचा, वरून बडवायचं नाही, फांदी मोडली की पुन्हा तेच भगदाड. फांद्यांना काटक्यांच्या पिशव्या लोंबताना दिसल्या तर ते शंकूबिंकू नाहीत, अळ्यांची घरं आहेत, एकेका मादीच्या पिशवीत शेकडो अंडी. मी थंडीतच हाताने तोडून साबणाच्या पाण्यात टाकतो.

झिपरीचं भगदाड अजून आहे. आजूबाजूच्या फांद्या ओढून सुतळीने बांधून बघितल्या, अर्धं झाकलं. उन्हाळ्यात पाहुणे यायचे असले की त्यापुढे तुळशीची कुंडी सरकवतो.