लॉनखाली काय निघालं

मागच्या महिन्यात मल्हारगंजातलं आमचं आजोळ पाडलं, म्हणजे मामाने बिल्डरला दिलं, आणि जेसीबी मागच्या अंगणात घुसला तेव्हा मी तिथेच चहा घेऊन उभी होते. चुलीची राख, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, लोणच्याच्या बरणीची एक खापरी, सगळं मलब्यासोबत ट्रॉलीत. खापरी तेवढी मी उचलली, मामा म्हणाला कचरा कशाला गोळा करतेस.

त्या रात्री झोप येईना, तर अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिल्व्हेस्टर मॅनर नावाच्या जुन्या जमीनदारी इस्टेटीबद्दल वाचत बसले. ती ज्यावर आहे ते शेल्टर आयलंड नावाचं बेट १६५१ मध्ये नॅथॅनियल सिल्व्हेस्टर आणि त्याच्या पार्टनर्सनी विकत घेतलं. का, तर कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर त्यांचे उसाचे मळे, सगळी जमीन उसाखाली, मग तिथली माणसं खाणार काय? म्हणून या बेटावरून मांस, धान्य, पिंपांसाठी लाकूड जहाजाने जायचं. राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि बेटावरचे मूळचे मॅनहॅन्सेट लोक.

आज दिसतो तो बंगला १७३० च्या दशकातला, पहिलं घर कुठेच नाही. १९९८ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बॉस्टनच्या टीमने तिथे खोदायला घेतलं, आणि मस्त हिरव्या लॉनखाली निघाली दगडांची फरसबंदी, पाडलेल्या घराचा मलबा, पिवळ्या डच विटा, जनावरांची ढीगभर हाडं, शिंपल्यांचे मणी. आणि प्रवाळ! एवढ्या थंड समुद्रात प्रवाळ कुठून, तर कॅरिबियनहून जहाजात आलेलं, भाजून चुना करायला. मी दोनदा वाचलं ते.

नॅथॅनियलचं १६८० चं मृत्युपत्र आहे, त्यात वीसच्या वर गुलामांची नावं, घरातल्या सामानासारखी वाटून दिलेली. मॅनहॅन्सेट तर त्यातही नाहीत. ते सापडतात मडक्यांच्या खापऱ्यांत, म्हणजे मामाच्या भाषेत कचऱ्यातच.

सकाळी आईला फोन लावला, म्हटलं अगं, रजिस्ट्रीत आजोबांचं नाव आहे, पण मागच्या अंगणातली ती चूल कोणाची होती गं? म्हणे, पाणी भरणाऱ्या बाईची, खोलीत तिचा नवरा, दोन पोरं, वीसेक वर्षं राहिली असतील.

नाव काय त्यांचं?

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, आठवत नाही बाई, पण कढी काय करायची.